दोन सूत

सुपडू मिस्तरीचे हात आता कापतात,
म्हणून तो ओट्यावर बसून सांगतो
आणि पान्हा माझ्या हातात असतो.
पारोळ्याचं चैत्रातलं ऊन,
नऊ वाजताच पत्र्यावर चढून बसलेलं.
शेजारच्या खाटेवर आईचे बिबडे वाळताहेत.
"त्यासले ग्रीसना हात नको लागू देजो,"
एवढं बजावून ती आत गेली.

अडुसष्ट सालची जावा.
नाना गेले त्याला पाच वर्षं झाली,
तेव्हापासून मधल्या स्टँडवर,
मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर.

चाक काढलं. चेन उतरवून रॉकेलच्या डब्यात सोडली.
मग ती लांब पिन,
जिच्यावर मागचा सगळा भार झुलतो.
हलेना.
मी हातोडी उचलली तसा मिस्तरी ओरडला,
लोखंडावर लोखंड मारतात का? लाकूड धर मधे.
बाभळीची खुंटी धरली, तरी नाही.
रॉकेल सोडलं, चहा प्यालो,
त्याच्या नातवाच्या लग्नाचं बोलणं झालं,
आणि मग एका साध्याच ठोक्याला
ती सुटली, दाढ सुटावी तशी.

आतलं ग्रीस ग्रीस राहिलं नव्हतं.
डांबर. बोरी नदीची वाळू त्यात
आणि कापसाचा एक तंतू,
कुठल्या वेचणीचा कोण जाणे,
काळा झालेला, पण न तुटलेला.

दोन्ही स्प्रिंगा धुऊन फरशीवर उभ्या केल्या.
डावी बुटकी.
मिस्तरीनं खिशातली पट्टी काढली,
थरथरत्या हातानंही माप बरोबर घेतलं:
"दोन सूत बठेल शे.
तुन्ही माय एकच आंगे बठे ना."

पाय डावीकडे सोडून, साडीचा घोळ मुठीत,
मांडीवर लशीची पेटी, बर्फ विरघळायच्या आत पोचायचं,
डाव्याच खांद्याला पिशवी:
कात्री, दोरा, कापूस, लाल साबण.
शेळावे, बहादरपूर, आणि जिथं रस्ता नव्हता
तिथं उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन.
नाना पुढे. घरातही ते फार बोलत नसत.
रात्रभर गाडी टेकवून कुणाच्या तरी गोठ्याबाहेर थांबायचे,
आतून रडणं ऐकू आलं की किक मारायचे.
बाराशे चौदा बाळंतपणं आहेत तिच्या रजिस्टरात.
लोखंडानं त्याचा हिशेब
दोन सुतांत ठेवला.

नवी जोडी जळगावला मिळते, मिस्तरी म्हणाला.
मी नको म्हणाले.
लेथवाल्या इद्रिसकडून वायसर करून आणला,
डावीखाली घातला. झाली बरोबर.
मग बुश, पिन, आणि ग्रीसगन निपलला लावून
दाबत राहिले. आधी काळं आलं,
मग करडं.
"दाब. पिवळं दिसेपर्यंत दाब."
पिवळं दिसलं तेव्हा मनगट माझं राहिलं नव्हतं.

चाक चढवलं. गाडी स्टँडवरून उतरवली.
"नर्सबाई, बठी देखा!" मिस्तरीनं हाक दिली.
आई हात पुसत आली,
चौऱ्याहत्तर वर्षांची,
आणि पाय डावीकडे सोडून बसली,
मधे एक दिवसही न गेल्यासारखी.
मागची बाजू खाली गेली, वर आली.
मुकाट.

तिनं पुन्हा दाबून पाहिलं.
"आवाज कथा गया?"

मग कळलं. गावाच्या वेशीवर
दिव्याच्या आधी तो आवाज पोचायचा,
किर्र-कच, किर्र-कच,
आणि कुणाची तरी सासू अंधारात उठून
चुलीवर पाणी ठेवायची.
ती उतरेपर्यंत हंडा कोमट झालेला असे.

मिस्तरी खजील झाला, डोकं खाजवत म्हणाला,
"एक बुश कोरडा ठेऊत का?"
आई हसली.
"ऱ्हाऊ दे. आते कोन पानी तपाडस!"

उतरली आणि बिबडे पालटायला लागली.
एकावर पिवळा अंगठा उमटला होता, माझा.
तिनं तो नुसता उलटा ठेवला.

चेन अजून डब्यातच होती.